हिरवा दिवा चुकला तो दिवस

मित्रांनो, अंथुर्ण्याच्या शिवारात कॅनॉलच्या कडेनं चालत आलात, तर दुसरी चारी ओलांडल्यावर उसाच्या मधोमध एक लोखंडी खांब दिसेल. त्या खांबावरचा पांढरा, पोपडे उडालेला डबा म्हणजे मी. वय झालंय माझं. उन्हानं रंग गेला आहे आणि माझ्या माथ्यावर होल्यांनी दोनदा घरटं केलं आहे. गावातले लोक मला टकटक्या म्हणतात, कारण झाकण उघडलं की माझ्या पोटातून टक टक असा आवाज येतो.

पुण्यातल्या एका सरकारी संशोधन संस्थेच्या कार्यशाळेत माझा जन्म झाला. नागेश नावाच्या कारागिरानं आम्हां दोघा भावांना एकाच महिन्यात घडवलं. थोरला माझ्यापेक्षा नऊ दिवसांनी मोठा. आमच्या पोटात वायू भरलेली एक लांब नळी आहे. तिचा सांधा न् सांधा नागेशनं स्वतः तपासला, आणि शेवटचा स्क्रू आवळून झाल्यावर माझ्या पाठीवर थाप मारली. ती थाप अजून आठवते.

आमचं काम आकाशातून येणारे कण मोजण्याचं. फार दूरच्या ताऱ्यांकडून अतिसूक्ष्म कण रात्रंदिवस पृथ्वीकडे येत असतात. ते हवेवर आदळले की न्यूट्रॉन नावाचे कण सुटतात. हे कण तुमच्या डोक्यावरून, हातांतून, वहीतून आरपार जातात. तुम्हांला पत्ता लागत नाही. आम्हांला लागतो. एक कण आला की एक टक.

थोरला सह्याद्रीतल्या एका उंच डोंगरावर गेला. दुसऱ्या डोंगरावर मी जाणार होतो. पण त्याच वर्षी एक समिती बसली. सरकारी पैशातून कोणतं संशोधन आधी करायचं आणि कोणतं मागं ठेवायचं, हे अशी समिती ठरवते. कुणीतरी विचारलं, आकाशातले कण मोजायला एक यंत्र असताना दुसरं कशाला? प्रश्न चुकीचा नव्हता. माझं नाव यादीत खाली गेलं आणि पुढच्या वर्षी यादीतूनच गेलं. मला एका कपाटात ठेवलं. मित्रांनो, मोजण्यासाठी जन्मलेल्यानं न मोजता बसणं फार जड असतं. अकरा वर्षं मी अंधारात गप्प होतो.

मग एके दिवशी कपाट उघडलं. समोर संजीवनी नावाची तरुण संशोधक उभी होती. ती मूळची इथल्याच वरकुटे गावची. पाण्याच्या पाळीवरून सख्खे भाऊ कसे भांडतात, हे तिनं लहानपणी पाहिलेलं होतं. तिच्या डोक्यात एक विचार होता. जमिनीवर आदळलेले न्यूट्रॉन परत वर उसळतात. माती कोरडी असेल तर पुष्कळ उसळतात. ओली असेल तर पाणी त्यांना अडवून धरतं. म्हणजे ज्याला न्यूट्रॉन मोजता येतात, त्याला मातीतली ओल हात न लावता सांगता येईल.

अशा रीतीनं मी डोंगराऐवजी उसात आलो.

ज्यांच्या रानात मला उभं केलं, ते जोतीरामतात्या आणि सारजाकाकू. त्यांच्या घरी पूर्वी मेंढरं होती. कॅनॉलचं पाणी आल्यावर ती कमी होत गेली आणि ऊस आला. तात्या पाणीवापर संस्थेचे सभासद. त्यांनी आजूबाजूच्या बारा शेतकऱ्यांना एका बोलीवर आणलं. खांबावर दिवा लावायचा. लाल लागला तर माती कोरडी, पाळी घ्यायची. हिरवा लागला तर ओल आहे, पाणी पुढच्याला सोडायचं.

पहिल्या वर्षी लोक हसले. उसाच्या पानांतलं पाणीही मला चकवायचं, तेव्हा संजीवनीनं दर महिन्याला येऊन तो हिशेब दुरुस्त केला. दुसऱ्या वर्षापासून मी सहसा चुकलो नाही. चारीवरची भांडणं कमी झाली. शाळेची मुलं रांगेनं मला बघायला यायची. माझ्यासाठी ते सुखाचे दिवस होते.

चौथ्या वर्षी वैशाखात ती गोष्ट घडली. रानं तापलेली, पाळी तीन आठवड्यांनी आलेली. सकाळी पाणी सोडणारा पाटकरी चारीच्या दारावर आला, तेव्हा माझा दिवा हिरवा होता. पाटकऱ्यानं फळी उचलून पाणी पुढं सोडायला घेतलं. बोलीप्रमाणं त्याचं बरोबरच होतं.

सारजाकाकू वाकल्या. त्यांनी सरीतली मूठभर माती उचलून दाबली. मूठ उघडली तर माती बोटांतून सांडली. त्यांनी पाटकऱ्याला थांबायला सांगितलं आणि संजीवनीला फोन लावला.

“मॅडम, दिवा हिरवा हाय, पण मातीचा लाडू वळंना,” त्या म्हणाल्या. “ह्यो कधी खोटं बोलत न्हाय. आज ह्याला काय झालंय ते बघा.”

मला काय वाटलं असेल? मी खोटं बोलत नव्हतो. आदल्या रात्रीपासून माझ्याकडे कणच कमी येत होते. कमी कण म्हणजे ओली माती, एवढंच मला ठाऊक. दहा मिनिटं पाटकरी फळी धरून उभा होता.

संजीवनीनं लगेच डोंगरावर फोन केला. थोरल्याचे आकडे तिथल्या तंत्रज्ञ रोहिणीबाई रोज लिहून ठेवायच्या. डोंगरावरच्या कातळाला उसाचं पाणी थोडंच लागतं? तरीही थोरल्याचे कण त्याच रात्री, त्याच प्रमाणात उतरले होते. म्हणजे दोष मातीचा नव्हता, माझाही नव्हता. सूर्यावर मोठं वादळ झालं होतं. असं वादळ पृथ्वीजवळून जाताना दूरच्या ताऱ्यांकडून येणारे कण बाजूला ढकलतं. थोरल्याची घट माझ्या आकड्यात मिळवली आणि खरं उत्तर निघालं. दिवा लाल झाला. पाटकऱ्यानं पाणी सारजाकाकूंच्या उसात सोडलं. ती पाळी हुकली असती, तर पुढची यायच्या आत ऊस वाळला असता.

त्यानंतर दहा दिवसांनी समिती बारामतीला आली. भौतिकशास्त्र आणि अवकाश संशोधनातल्या कामांचा पुढच्या पाच वर्षांचा क्रम तिला लावायचा होता. सभागृहातल्या टेबलावर मला ठेवलं होतं. संजीवनीनं माझ्यासारखे चाळीस डबे मागितले होते. आणि त्याच कागदांत आणखी एक यादी होती, बंद करायच्या जुन्या यंत्रांची. तिच्यात माझा थोरला होता.

संजीवनीला हे माहीत होतं. पैसा एकाच पिशवीतला. थोरला राहिला तर डबे कमी होणार. तिनं त्या चुकलेल्या दिवसाची हकिकत अहवालात लिहिली होती, पण अगदी शेवटच्या पानावर. समितीपुढं अनुभव सांगायला आलेल्या काकूंना तात्यांनीही बजावलं होतं, की चांगलं तेवढंच बोल, नाहीतर आपला डबाही घेऊन जातील.

काकूंनी चांगलं तेच सांगितलं. मग समितीच्या अध्यक्षांनी चष्मा काढून सहज विचारलं, या डब्याचा कधी काही त्रास झाला का? काकूंनी तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी मान खाली घातली.

“एकदा चुकला,” काकू म्हणाल्या. “पण त्याचा थोरला भाऊ हाय डोंगरावर. मॅडमनी त्याला इचारलं, तवा ह्याचं ध्यान ठिकाणावर आलं. त्यो थोरला नसता, तर ऊस गेलाच हुता आमचा.”

अध्यक्षांनी विचारलं, कोणता थोरला? काकूंना त्या दुसऱ्या यादीची काहीच कल्पना नव्हती.

मग संजीवनी उठली. तिचा आवाज हलका होता. “साहेब, तुमच्या बंद करायच्या यादीतलं चौथं नाव. हे मी पहिल्या पानावर लिहायला हवं होतं. चाळीस डबे मिळावेत म्हणून लिहिलं नाही.”

ती खाली बसली तेव्हा तिचे कान लाल झाले होते. मला वाटलं, आता सगळंच गेलं. पण अध्यक्षांनी शेवटचं पान उघडलं आणि सावकाश, पूर्ण वाचलं. दुपारभर समितीत चर्चा झाली. एक सदस्य म्हणाले की लोकांना डबे दिसतात, डोंगरावरचं यंत्र दिसत नाही, त्याच्यासाठी पैसा मागायचा कसा? दुसऱ्या एका सदस्यबाईंनी काकूंकडे बोट दाखवलं आणि म्हणाल्या, यांनी आत्ता मागितला तसा.

शेवटी चाळीसऐवजी चोवीस डबे मंजूर झाले आणि थोरल्याचं नाव बंद करायच्या यादीतून काढलं. परतताना तात्या म्हणाले, “सोळा डबं गेलं, पर खोटं न्हाय बोललीस ते बरं झालं.”

त्या पावसाळ्यानंतर मला तपासणीसाठी डोंगरावर नेलं. जीपमध्ये काकूंनी मला मांडीवर धरलं होतं. कितीतरी वर्षांनी आम्ही भाऊ शेजारी शेजारी उभे राहिलो. थोरल्यावर गंजाचे डाग होते, पण आकड्यांवरची काच लख्ख होती. धुक्याची ओल रोहिणीबाई रोज सकाळी पुसतात. काकूंनी त्यांना उसाची सगळी हकिकत सांगितली. रोहिणीबाई ऐकत राहिल्या. सोळा वर्षं त्या आकडे लिहीत होत्या.

“हे कुणाच्या उपयोगी पडतं, असं मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं,” त्या म्हणाल्या, आणि चहा ठेवायला आत गेल्या. बाहेर आल्या तेव्हा त्यांनी डोळे पुसलेले होते.

आता माझी चोवीस धाकटी भावंडं इंदापूर-बारामतीच्या रानांत उभी आहेत. मी समाधानी आहे.

मित्रांनो, उद्या तुमच्यातलंच कुणीतरी अशा समितीत बसेल. पैसा लोकांच्या कष्टाचा असतो आणि तो सगळ्यांना पुरत नाही. कुणाला तरी मागं ठेवावंच लागतं, त्याबद्दल माझी तक्रार नाही. फक्त नाव खोडण्याआधी विचारा, याच्या आधारावर दुसरं कोण उभं आहे? आणि उत्तर मिळालं नाही, यंत्र बंदच करावं लागलं, तर ते भंगारात टाकू नका. पुसून ठेवा, झाकण नीट लावा, आणि वर एक चिठ्ठी चिकटवा, की हे काय मोजत होतं.