पुसलेला आठ

मित्रांनो, मी एक जुनी लेन्स आहे, आणि मला बुरशी लागलेली नाही. हे आधीच सांगते, कारण माझ्या डबीवर तसे लिहून ठेवले आहे.

माझ्या पोटात पोलादाची पातळ पाती आहेत. बाहेरचे कडे फिरवले की त्यांच्यामधले भोक लहानमोठे होते. त्याला ॲपर्चर म्हणतात. कड्यावर दोन, चार, आठ, अकरा असे आकडे कोरलेले आहेत. कडे दोनावर असले की भोक मोठे. उजेड भरपूर येतो, पण एकच रांग रेखीव दिसते. आठावर भोक लहान. उजेड कमी, पण तिन्ही रांगा स्वच्छ. स्टुडिओवाले काका समूहफोटो आठावरच काढत. उजेड कमी पडला तर घामाघूम होऊन आणखी दिवे लावत. "जो उभा राहिला, त्याचा चेहरा यायलाच हवा," म्हणत. तीस वर्षे त्यांचा अंगठा फिरून फिरून माझ्यावरचा आठ पुसून गेला. मला त्याचा अभिमान आहे.

मग काकांचे गुडघे गेले आणि मी त्यांच्या जावईबापूंच्या हाती आले. त्यांचा जीव दोनावर. "मागचं धूसर झालं की फोटोला शोभा येते." एकट्यादुकट्याच्या फोटोला येते, नाही कोण म्हणतो?

एक छापखाना कायमचा बंद होणार होता. शेवटच्या दिवशी सगळ्यांचा फोटो ठरला. मालक आणि पाहुणे खुर्च्यांवर, मशीनवाले त्यांच्यामागे, आणि सर्वांत मागे बाकावर पुस्तकबांधणीच्या मावशी. अठ्ठावीस वर्षांत कामावरचा त्यांचा एकही फोटो नव्हता. नखांतली खळसुद्धा घासून आल्या होत्या. जावईबापूंनी कडे दोनावर ठेवून फोटो काढला, कॅमेऱ्याच्या पडद्यावर फक्त मालकांचा चेहरा तपासला आणि दिवे आवरले. माझा नुसता संताप झाला.

आठवड्याने मावशी आल्या. फोटोवर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मीच ना?"

"लेन्सला बुरशी लागलीय, मावशी. म्हणून मागचं धूसर आलंय."

चोर सोडून संन्याशाला फाशी, ती ही अशी.

"पुन्हा नाही का काढता येणार?"

"आता कुठे? कुलूप लागलं. माणसं पांगली."

मावशींनी फोटो पदराने पुसून पाहिला. "राहू द्या. तिथे तरी मी कुणाला दिसत होते?"

त्या गेल्यावर जावईबापूंनी माझ्या डबीवर 'बुरशी' लिहिले आणि मला खणात बंद करून टाकले.

मित्रांनो, मला चकचकीत ठेवा असे मी म्हणणार नाही. समूहफोटो काढाल तेव्हा आधी मागच्या रांगेपर्यंत चालत जा. तिथे कोण उभे आहे ते बघा. मग परत येऊन कडे फिरवा. आठ शोधू नका, तो दिसणार नाही. अकराच्या अलीकडे जी झिजलेली जागा अंगठ्याला लागते, तोच.