सीमेच्या अलीकडे राहिलेला पटर

मित्रांनो, मी एक जुना पटर आहे. गोल्फमध्ये चेंडू होलजवळ आला की मोठ्या काठ्या बाजूला ठेवतात आणि मला पुढे करतात. माझं डोकं पितळेचं, मूठ काळ्या रबराची. अंगात जोर नाही, पण नेम पक्का. हे माझं मलाच सांगावं लागतंय, कारण कौतुक करणारा आता उरला नाही.

तो सौमित्र. सिंगापूरच्या चांगी बिझनेस पार्कमधल्या एका बँकेत होता. तिथे आल्यावर त्याने मला जुन्या सामानाच्या दुकानातून उचललं. रविवारी खेळून आला की स्वतःच्या बुटांआधी मला पुसायचा. त्याचा मित्र मनोहर त्याच बँकेत, आणि राहायलाही सिमेई भागात, सौमित्रच्याच इमारतीत.

दोन वर्षांपूर्वी बँकेने दोघांना एका थंड देशात मीटिंगला पाठवलं. तिथे डोंगरमाथ्यावर एक गोल्फ कोर्स होता आणि दोन देशांची सीमा त्याच्या मधोमध जात होती. कुंपण नाही, पहारेकरी नाही; गवतात ओळीने रोवलेले गुडघाभर पांढरे दगड, बस्स. खेळणाऱ्यांनी खुशाल ओलांडावं, असं क्लबच्या पाटीवर लिहिलं होतं. मनोहरचा पाटीवर विश्वास नव्हता. सौमित्रकडे सिंगापूरचा पासपोर्ट होता. मनोहरकडे भारताचा, त्यावर एकदाच आत शिरायचा व्हिसा, आणि सिंगापूरच्या पीआरचा, म्हणजे कायम राहण्याच्या परवान्याचा, अर्ज तिसऱ्यांदा भरलेला; सीमेपलीकडे पाऊल पडलं तर सगळं अडकेल, ही त्याची धास्ती. चेंडू पलीकडे गेला की तो खिशातून दुसरा काढायचा.

"अरे मन्या, गवतात कोण शिक्के मारतंय?" सौमित्र हसला. त्याचा चेंडू पलीकडच्या उतारावर गेला होता. मला मनोहरच्या हातात देऊन तो म्हणाला, "धर जरा, आलोच."

दगडांपासून चाळीस पावलांवर तो छाती धरून खाली बसला. "मन्या!" अशी हाक आली. मनोहर धावला आणि दगडांपाशी थांबला. पुन्हा हाक आली. माझी मूठ त्याच्या घामाने ओली झाली होती. तिसरी हाक आली नाही, तेव्हा तो ओलांडून गेला.

सौमित्रच्या बायकोला, अनघाला, त्याने सांगितलं, "मी शेजारीच होतो वहिनी. हात धरला होता." पीआर पुढच्याच महिन्यात झाला. पेढे मात्र कुणी आणले नाहीत.

मला त्याने फ्लॅटच्या बॉम्ब शेल्टरमध्ये, म्हणजे हल्ला झाला तर लपायच्या खोलीत, ठेवलं. नावाला शेल्टर, इथे सगळे त्यात सामान भरतात. जाड लोखंडी दारामागे, सुटकेसच्या आड मी उभा होतो. अंधारात मला ती हाक अजून ऐकू येते. त्यालाही येत असावी. तांदूळ घ्यायला दार उघडायचा, माझ्या कोपऱ्याकडे बघून "आलो, आलो" म्हणायचा आणि तांदूळ न घेताच परत जायचा. मला त्याची भीती वाटायची, आणि दयाही यायची.

गेल्या शनिवारी अनघा आली. ती कायमची नाशिकला निघाली होती.

"सामान गेलं, भावजी. त्याच्या बॅगेत पटर तेवढा नव्हता. तुमच्याकडे राहिला का? शेवटी त्याच्या हातात होता ना तो?"

मनोहरने मला बाहेर आणलं.

"माझ्या हातात होता, वहिनी."

मग त्याने सगळं सांगितलं. दगड, व्हिसा, दोन्ही हाका. "डॉक्टर म्हणाले, मी लगेच गेलो असतो तरी तो वाचला नसता."

"मी ते विचारत नाहीये," अनघा म्हणाली. "तो एकटा होता का?"

"हो."

तिने मला उचललं. मनोहर तिच्यामागे लिफ्टपर्यंत आला. "वहिनी, येते म्हणा ना," तो म्हणाला. तिने आत जाऊन बटण दाबलं. लिफ्टचं दार लागलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या वस्तू शेवटी म्हणतात, आम्हाला जपा, पुसून ठेवा. माझ्या दांडीला गंज चढला तरी चालेल. पण आपल्या माणसाने हाक मारली, तर पाय कुठल्या देशात पडतोय ते बघू नका. आधी जा.