घेण्यापूर्वी एक पोल्का

बर्नडीनने खलात गोळ्या घोटल्या, दाट पाकात पूड कालवली, बाटली भरली आणि ठसठशीत चिठ्ठी डकवली : ‘घेण्यापूर्वी नीट हलवा.’ विस्कॉन्सिनातल्या त्या गावात इतक्या निगुतीनं औषध करणारं दुसरं कुणी नव्हतं. तरी क्लेमेन्सकाकांचा हात आज स्थिर, तर उद्या लटलट.

“शनिवारी नातीचं लग्न आहे,” काका काउंटरवर रेलून म्हणाले. “तिच्याबरोबर पोल्का नाचायचाय. हात असा थरथरला तर पोरीला वाटेल, म्हातारा भ्यालाय.”

पाक तिनं तीनदा बदलला होता. पहिल्यांदा पूड तळाशी विटेसारखी घट्ट बसली. आता ती सैल बसायची, हलवली की लगेच वर यायची. मग घोडं अडलं कुठं?

“बाटली हलवता ना?”

“हात हलतोय तोवर बाटली आपसूक हलते की!”

“आणि हात थांबला की?”

“तीन वर्षांनी थांबलेला हात मुद्दाम कोण हलवेल गं?”

बर्नडीन स्टुलावर बसलीच. औषध लागू पडलं की हात थांबे, बाटली थांबे, पूड तळाशी राही आणि काकांच्या पोटात नुसता गोड पाक जाई. मग पुन्हा थरथर, पुन्हा औषध लागू. बरं होणं हाच यांचा रोग झाला होता!

“काका, चार वेळा हलवायला काय जातं तुमचं?”

“थरथरायचं सोंग करणार नाही मी. मेलो तरी नाही.”

तिला संताप आला आणि त्यांची दयाही आली. तिनं चिठ्ठी फाडून नवी लिहिली : ‘खिशात ठेवून एक पोल्का, मग एक चमचा.’

काकांनी ती दोनदा वाचली. “पोल्का एकट्यानं होत नाही, पोरी. माझ्या मार्सेलाला जाऊन पाच वर्षं झाली.”

बर्नडीनने रेडिओ लावला, पांढरा कोट खुंटीला अडकवला. गिऱ्हाइकांनी खोकत खोकत खुर्च्या बाजूला सारल्या. लग्नापर्यंत रोज सकाळी हेच चाललं. शनिवारी काका नातीबरोबर नाचले आणि सगळ्यांदेखत चमचा भरला. थेंबही सांडला नाही.

सोमवारी दुकान उघडायच्या आधीच काका दारात हजर.

“डोस राहिलाय आजचा,” ते म्हणाले आणि खिसा थोपटला.

खिशातून बाटली डोकावत होती. ती रिकामी होती. बर्नडीनने पाहिलं आणि कोट खुंटीला अडकवला.