चाळीस अंशांचा राब

अंबाबाईची जागा ताटासारखी सपाट. तरी वरच्या कार्यालयाने घराची परवानगी नाकारली. कारण काय, तर उतार चाळीस अंश. मी वाडीच्या ग्रामपंचायतीतला कारकून; ते पत्र तिला वाचून दाखवताना मलाच लाज वाटली. सून उज्ज्वला बाळंतपणाला माहेरी गेली होती आणि बाळ घेऊन खोपटात परत येणार नाही म्हणत होती. म्हातारीला घर हवं होतं ते एवढ्यासाठीच.

मी तक्रार ठोकली. मग हिंजवडीहून कौस्तुभ नावाचा इंजिनियर आला. उतार मोजणारा प्रोग्रॅम त्याचाच, मुळात चंद्रासाठी केलेला. तिथे तो कुणी घेतला नाही, म्हणून आमच्या मुळशी तालुक्याच्या वाट्याला आला. उपग्रहातून काढलेल्या फोटोत जमीन जिथे काळी दिसेल तिथे ती उन्हाकडे पाठ करून उतरते, असं तो धरून चालतो. आणि अंबाबाईने घराच्या जागेवर राब भाजला होता. भाताची रोपं टाकण्याआधी शेण-पाला जाळतात, तो. जागा काळीकुट्ट.

अंबाबाईने त्या काळ्यावर काठोकाठ भरलेला हंडा ठेवला. थेंब सांडला नाही. कौस्तुभ ओशाळला. म्हणाला, चंद्रावर राब नसतो.

"मग तितं भात कसा लावत्यात?" अंबाबाईने विचारलं.

त्याने समजावलं की अख्ख्या तालुक्यात सरासरी चूक फक्त दोन अंशांची आहे.

"आसंल. पर घर माजं अडलंय, तालुक्याचं न्हाई."

महिन्याने आदेश आला: अर्जदाराने जमीन सपाट करून घ्यावी. मी संतापलो. अंबाबाई मात्र फावडं घेऊन गेली, राख खरवडली, वर शेजारची तांबडी माती पसरली. अर्ध्या दिवसाचं काम. पुढच्या फोटोत उतार एक अंश आणि पत्रात शेरा: सपाटीकरण समाधानकारक.

घर झालं. पुन्हा काळं दिसायला नको म्हणून पोराने, बिरदेवने, छपराच्या पत्र्याला मातीचाच रंग दिला. सूनही आली.

परवा नवी नोटीस आली. ती घेऊन मी त्याच घराच्या ओट्यावर बसलो आणि रागाच्या भरात मोठ्याने वाचू लागलो: "फोटोमध्ये सदर जागेवर कोणतेही बांधकाम आढळून आले नाही..."

अंबाबाईने दार लोटून घेतलं.

"हळू वाचा, भाऊ," ती म्हणाली. "बाळ आत्ताच निजलंय."