सशाची पाळी

अकरा मोटारसायकली, बावीस टायर, एक ससा.

एप्रिलमधल्या पहिल्या कोरड्या रविवारी जर्मनीतल्या आयफेल डोंगरातल्या घाटाखाली, कॅफेसमोर, एवढं उभं होतं. ससा कापसाचा, एका डोळ्याचा, पोटावर तेलाचे डाग. वळणावर गाडी कलली की टायर कडेपर्यंत झिजतो. जी कड कोरी राहते तिला आमच्याकडे भीतीची पट्टी म्हणतात. ज्याची पट्टी सर्वांत रुंद, त्याच्या सीटवर दिवसभर ससा बांधायचा. पट्टी पूर्ण जायला गाडी साधारण पंचेचाळीस अंश कलावी लागते.

आमचा म्होरक्या गेरो ओणवा होऊन एकेक मागचा टायर अंगठ्यानं मापत होता. मधेच त्याच अंगठ्यानं ओठावरचा सॉसेजचा रस्सा पुसायचा आणि अंगठा चाटायचा. मी हातातली कॉफी गवतात ओतली.

"फ्राउकेबाई, दोन बोटं पट्टी!" तो माझ्या गाडीपाशी ओरडला. "हिला काय फक्त चर्चला नेतेस?"

सगळे खिदळले. ससा मला मिळाला. मला त्याचं काही वाटत नाही. मी नेहमीच शेवटी, माझ्या वेगानं जाते. पण माझा धाकटा भाऊ यान्नेक गेल्या हंगामात तीनदा ससा घेऊन फिरला होता, आणि घरी आल्यावर कुणाशी बोलला नव्हता. आज त्याच्या टायरवर पट्टीच नव्हती.

"बघा, पोरगं वयात आलं!" गेरोनं त्याच्या पाठीत थाप मारली. "आज रांगेत तिसरा नंबर. माझ्या नजरेत."

मी खाली बसून टायर पाहिला. रस्त्यावर झिजलेल्या रबराच्या बारीक गुठळ्या होतात. इथे सरळ, समांतर रेघा होत्या, दोन्ही कडांना अगदी सारख्या.

"पॉलिशपेपर मारलास?" मी हळूच विचारलं.

"ताई, गप ना. सगळे बघतायत."

"घासायचं मशीन कुणाचं?"

त्यानं गेरोकडे पाहिलं.

मी गेरोला बाजूला घेतलं. "तुला माहितीये ही पट्टी कशी गेली. वळणात तो अजून ताठ होतो. त्याला मागे राहू दे, माझ्याबरोबर."

"अगं, टायर बघून छाती जरा मोठी होते माणसाची. माझीही अशीच झाली." दातात अडकलेला कांदा तो जिभेनं उकरत होता. "तू सशाला सांभाळ."

मी यान्नेकला माझ्याबरोबर मागे राहायला सांगितलं. त्यानं हेल्मेटची काच खाली ओढली.

घाटात रस्ता एकावर एक दुमडलेला आहे, त्यामुळे वरचं वळण मला खालून दिसत होतं. पहिले दोघे उजव्या वळणात सहज कलून गेले. यान्नेक त्यांच्याच वेगानं शिरला. समोरून ओंडक्यांचा ट्रक आला आणि यान्नेकनं वळणाच्या टोकाकडे बघायचं सोडून ट्रककडे पाहिलं. गाडी कललीच नाही. ती सरळ मधल्या पांढऱ्या रेषेपलीकडे गेली. ट्रक गवतात उतरला, म्हणून दोघांमध्ये हातभर जागा राहिली.

पुढच्या थांब्यावर तो कुंपणाला धरून ओकत होता. बाकीचे शेजारून गेले. एकानं हॉर्नवर सूर वाजवला. गेरो तेवढा मागे वळून आला.

"काय गेलास रे, अगदी खेटून!" तो हसत होता. "आता पुढचं वळण. भीती बसायच्या आत."

यान्नेकनं बाहीनं तोंड पुसलं. माझ्या सीटवरचा पट्टा सोडून ससा काढला आणि स्वतःच्या गाडीला बांधू लागला. गाठ दोनदा सुटली.

"हे काय? भित्रा कुठला!"

"हो," यान्नेक म्हणाला. "तू जा."

गेरो बुटाजवळ थुंकला आणि गेला.

"ताई, तू पुढे हो. तुझ्याच वेगानं. मी मागून येतो."

निघण्याआधी त्यानं स्वतःच्या गाडीच्या पडद्यावर सकाळपासूनच्या सर्वांत जास्त कलाचा आकडा उघडला. मीही वाकून पाहिलं.

डावीकडे एकवीस अंश, उजवीकडे तेवीस.