ताकद साठवलेला पाय

मित्रांनो, मी तशी जुनीच, पण तुम्ही मला कधी पाहिलेले नाही. मी एक तंतुकणिका, इंग्रजीत मायटोकॉन्ड्रिया. शिवणकाम करणाऱ्या एका बाईच्या उजव्या पोटरीतल्या पेशीत राहते. सगळे तिला ताई म्हणतात. आमचे अख्खे कूळ तिला आईकडून मिळाले, वडिलांकडचे कोणीच नाही. म्हणजे सासरच्या घरात मी तिच्या माहेरचीच.

माझे काम जाळण्याचे. ताईने खाल्लेल्या अन्नातली साखर पेशीत येते, तिचे तुकडे होतात आणि ते माझ्याकडे पोचतात. तिच्या श्वासातून आलेला ऑक्सिजन वापरून मी ते जाळते. ना धूर, ना ज्वाळा. मागे पाणी आणि कार्बन डायऑक्साइड उरतो. सुटलेली ऊर्जा मी एटीपी नावाच्या रेणूंत भरते आणि स्नायू ती लगेच वापरून टाकतो. त्या जोरावर ताईचे पायमशीन दिवसभर चाले.

"मशीन काय पळतं हो तुमचं!" गिऱ्हाइके म्हणत. कौतुक सगळे मशीनचे.

मग ताईचा उजवा घोटा मोडला. प्लास्टर निघाले, डॉक्टरांनी पाय टेकायला सांगितले, तरी ती खाटेवरून उतरेना. सासूबाईंचा तिच्यावर फार जीव. त्या म्हणत, "घाई नको गं. आधी ताकद साठू दे."

इथेच घोडे पेंड खात होते. एटीपी साठवून ठेवता येत नाही. मागणी नसली की मी मंदावते, आणि फार काळ रिकामी बसले तर पेशी मला मोडीत काढते. माझ्या शेजारणी एकेक करून गेल्या. मला रडू आले नाही. काहीच वाटले नाही. पोटरी वाळत गेली, तसतशा सासूबाई तिला आणखी जपू लागल्या.

एकदा ताईने पोटरी दाबून पाहिली.

"आई, हा पाय माझा वाटतच नाही. मशीन विकून टाकू या का?"

सासूबाईंनी त्या वाळल्या पोटरीवरून हात फिरवला. मग त्यांनी मशीनपुढे खुर्ची ओढली.

"विकायचं तर विकू. पण एकदा पाय तर ठेव."

त्यांच्या आधाराने खुर्चीत बसून ताईने पॅडलवर पाय ठेवला. आमच्याकडे मागणी आली. उरल्यासुरल्या आम्ही सगळ्या जाळू लागलो. पॅडल खाली गेले, थरथरत वर आले. सुई कापडातून एकदा गेली.

"दुखलं का गं?"

"नाही. काही कळतच नाहीये."

"मग रडतेस कशाला?"

"टाका पडला, आई."

सासूबाईंनी कापड पुढे सरकवले.

मित्रांनो, मला जपायचे असेल तर राबवून घ्या. दुसरी कुठली माया मला कळत नाही.