संकेतच्या हातची आमटी

सालोमी आयर्लंडहून पापडीला आली, त्याला आठवडा होत आला होता. पण आचोळ्याला जायचं काही तिच्याच्याने होत नव्हतं. रोज सकाळी ठरवायची आणि रोज काहीतरी निघायचं. कधी मावशी भेटायला यायची, कधी डोकं दुखायचं, कधी नुसतंच ऊन फार असायचं. आचोळ्याहून संकेतच्या आईचा, विनयाकाकूंचा फोन मात्र दोनदा येऊन गेला होता. "सवडीने ये गं. घाई नाही," एवढंच त्या म्हणाल्या होत्या, आणि तेच जास्त लागलं होतं.

शेवटी रविवारी चर्चमधली मिसा सुटल्यावर तिचे डॅडी, वॉल्टर तुस्कानो, वाडीत गेले आणि केळ्यांची एक फणी कापून घेऊन आले. ओट्यावर ठेवली. मग तिच्याकडे बघून घुटमळले.

"अशा घरी फळं न्यावीत की नाही, मला ठाऊक नाही," ते म्हणाले. "पण हात हलवत जाऊ नकोस. आणि आज जा."

संकेत पाष्टे वसई पूर्वेच्या आचोळ्याचा, ती पश्चिमेच्या पापडीची. एका तालुक्यात वाढलेली दोघं, पण ओळख झाली ती आयर्लंडमध्ये, लिमरिकला, पाच विद्यार्थ्यांनी मिळून घेतलेल्या भाड्याच्या घरात. पहिल्या दिवशी तिने "वसईची" म्हटल्यावर तो इतका मोठ्याने हसला होता की बाकीचे तिघे आपापल्या खोल्यांतून बाहेर आले. "म्हणजे आपल्यामध्ये फक्त एक स्टेशन," तो म्हणाला होता. फेब्रुवारीत एका सकाळी युनिव्हर्सिटीत जाताना रस्त्यावर बर्फ धरलं होतं. संकेतची सायकल घसरली आणि मागून येणाऱ्या व्हॅनला थांबता आलं नाही. दुसऱ्या दिवशी हॉस्पिटलातच त्याने प्राण सोडला. आईवडिलांचा व्हिसा तोवर हातात पडला नव्हता. पुढे त्याचा देह घरी आणला, तेव्हा सालोमीच्या परीक्षा चालू होत्या. ती येऊ शकली नव्हती.

वसई स्टेशनचा पूल ओलांडून ती पूर्वेला उतरली आणि रिक्षा केली. बिल्डिंग सापडायला त्रास झाला नाही. संकेतने सांगितली होती तशीच होती, खाली चक्की आणि शेजारी मोबाइलवाला. दार विनयाकाकूंनी उघडलं. फोटोत दिसायच्या त्यापेक्षा लहानखुऱ्या होत्या. त्यांनी केळी घेतली, देवापुढे ठेवली आणि तिला हाताला धरून आत नेलं. संकेतचे बाबा, कृष्णा पाष्टे, गॅलरीत पेपर घेऊन बसले होते. त्यांनी मान हलवली आणि पुन्हा पेपरात घातली.

"त्यांचं मनावर घेऊ नकोस," काकू स्वयंपाकघरात हळूच म्हणाल्या. "मी नको म्हणत होते, त्यांनीच जोर करून पाठवला. तेच धरून बसलेत. तिकडचं नावसुद्धा काढू देत नाहीत."

सालोमी मनाशी तयारी करून आली होती. अपघात कसा झाला, चूक कुणाची, डॉक्टर काय म्हणाले, सगळं घोकून ठेवलं होतं. पण काकूंनी विचारलं ते भलतंच.

"सकाळी उठायचा का गं वेळेवर?"

"नाही," सालोमीच्या तोंडून निघून गेलं. "आम्ही दार वाजवायचो. मग तोंड न धुता सायकलवर बसायचा."

काकूंच्या ओठांचा कोपरा हलला. "इथेपण तसाच. आणि कपडे?"

"मशीन होतं. पण तिथे वाळत नाहीत ना. थंडीत चार वाजताच अंधार पडतो. खुर्च्यांवर, दारांवर, जिन्याच्या कठड्यावर कपडे टाकायचो. त्याचे मोजे नेहमी किचनमध्ये असायचे, त्यावरून भांडणं व्हायची."

"तुझ्याशी?"

"सगळ्यांशी."

मग त्या विचारत राहिल्या आणि ती सांगत राहिली. फ्रिजमध्ये प्रत्येकाचा एक कप्पा असायचा. कचऱ्याचे डबे रस्त्यावर नेऊन ठेवायची पाळी असायची आणि संकेत ती हमखास विसरायचा. लायब्ररीत खिडकीजवळची एकच जागा त्याला लागायची. शनिवार-रविवार तो एका हॉटेलच्या लॉन्ड्रीत कामाला जायचा आणि आल्यावर त्याच्या अंगाला साबणाचा वास यायचा. वर्गात बोलायला आधी लाजायचा, तिथल्या लोकांचं इंग्रजी त्याला कळायचं नाही. डिसेंबरपर्यंत मात्र तो त्यांच्यासारखं बोलून दाखवायला लागला होता. काकू एकेक गोष्ट ऐकून घेत होत्या, मध्येच "पुन्हा सांग" म्हणत होत्या.

"फोनवर काही सांगायचाच नाही," त्या म्हणाल्या. "जेवलो, बरा आहे, ठेवतो. झालं. मला वाटायचं, रोज पाव खाऊन राहतो की काय."

"नाही काकू, रोज स्वयंपाक करायचा. रविवारी तर आम्हा सगळ्यांना मसुराची आमटी करून घालायचा. तुम्ही दिलेला मसाला घालून."

काकू थांबल्या. "संकेत? आमटी?"

"हो. चांगली व्हायची."

"इथे चहासुद्धा केला नाही कधी त्याने." त्यांनी ओटा पुसून घेतला. मग म्हणाल्या, "तुम्ही सगळ्यांनी खाल्लं त्याच्या हातचं. मी नाही खाल्लं."

सालोमी डब्यांच्या फळीकडे वळली. तिने नुसतंच विचारलं, "मसूर डाळ आहे घरात?"

डाळ होती. मसाला तर होताच. संकेत डब्यातलं नारळाचं दूध वापरायचा, तर काकू स्वतः खाली वाण्याकडे जाऊन तसाच डबा घेऊन आल्या. घरात ओला नारळ असूनही. सालोमीने डाळ धुऊन शिजायला टाकली, कांदा कापला आणि तेलात परतायला घेतला. काकू शेजारी उभ्या राहून बघत होत्या.

"एवढा जाड कापायचा?"

"याहून जाड. आणि…" सालोमी अडखळली. "कांदा टाकून तो लॅपटॉपवर काहीतरी बघत बसायचा. हटकून करपायचा. मग म्हणायचा, अशीच चव असते."

"मग करपव," काकू म्हणाल्या.

सालोमीने त्यांच्याकडे बघितलं. त्या गंमत करत नव्हत्या. दोघी बाजूला होऊन उभ्या राहिल्या. कांदा आधी गुलाबी झाला, मग तपकिरी, मग कडा काळ्या पडल्या. धूर घरभर झाला. गॅलरीतून खोकल्याचा आवाज आला. जन्मभर स्वयंपाक केलेल्या त्या बाईचा हात दोनदा गॅसच्या बटणाकडे गेला आणि दोनदा तिने तो मागे घेतला.

आमटीला उकळी आल्यावर झाकण ठेवून दोघी जमिनीवर टेकल्या. तेव्हा काकूंनी ते विचारलं.

"शेवटी त्याच्याजवळ कोण होतं?"

"मी होते. त्याला शुद्ध नव्हती काकू. दुखतही नव्हतं, डॉक्टरांनी मला नीट सांगितलं. मी हात धरून बसले होते." सालोमीचा आवाज फाटला, पण ती थांबली नाही. "तिथले एक फादर आले. म्हणाले, याच्या धर्माची एखादी प्रार्थना म्हणू या. मला काही येत नव्हतं. मराठी शाळेत बाईंनी शिकवलेलं 'शुभं करोति' तेवढं आठवलं. ते दिवेलागणीचं असतं, अशा वेळेचं नाही, हे मला कळत होतं. पण दुसरं काहीच नव्हतं. तेच म्हटलं. मग आमच्या चर्चमधली 'आमच्या बापा' ही प्रार्थनाही म्हटली. चुकलं असेल तर…"

"चुकलं काय त्यात," काकू म्हणाल्या. त्यांनी पदर तोंडाला लावला आणि इतके दिवस आतल्या आत दाबलेलं रडू आलं तसं येऊ दिलं. सालोमी त्यांच्या खांद्याला खांदा लावून बसली. तीही रडली. आमटी उतू जायला लागली, तेव्हा काकूच आधी उठल्या.

पानं घेतली. कृष्णाकाका आत आले, हात धुऊन बसले. काकूंनी काही न सांगता त्यांच्या ताटात भात वाढला, वर आमटी घातली. त्यांनी एक घास घेतला आणि भुवया आकसल्या.

"करपलीय," ते म्हणाले.

"संकेत तिथे करायचा, तशी आहे," काकू म्हणाल्या.

त्यांचा हात ताटातच राहिला. सालोमीला वाटलं, आता हे उठून जाणार. काकूही तेच समजून बसल्या असाव्यात, कारण त्यांनी पाण्याचा तांब्या उगाच जवळ ओढला. पण काकांनी दुसरा घास घेतला. मग तिसरा. सगळा भात संपवला आणि वाटी पुढे केली. काकूंनी त्यांना पुन्हा आमटी वाढली, मग स्वतःला वाढून घेतली आणि भात न कालवता नुसतीच, घोट घोट प्यायल्या.

निघताना काका तिला रिक्षापर्यंत सोडायला खाली आले. रविवारची दुपार, चक्की बंद होती. नाक्यावर आल्यावर त्यांनी विचारलं, "तू परत कधी जाणार?"

हा प्रश्न तिच्या घरी कुणी विचारला नव्हता. प्रबंध लिहायचा राहिला होता, तिकीट परतीचं होतं, पण लिमरिकच्या त्या घरात, त्या जिन्यावर पुन्हा पाय ठेवायला तिचं मन धजत नव्हतं. इथूनच लिहिते, असं ती मम्मीला म्हणालीही होती.

"माहीत नाही काका," ती खरं बोलली. "जमेलसं वाटत नाही."

त्यांनी मान हलवली.

"त्याच्या खोलीत आता कोण राहतं?"

"एक नेपाळी मुलगा आलाय. प्रज्वल नाव."

"बरा आहे?"

"बरा आहे. फार बोलत नाही. घरची आठवण येत असते त्याला."

"जेवतो काय?"

"नूडल्स. रोज."

रिक्षा आली तशी काकांनी हात करून ती थांबवली आणि रिक्षावाल्याला स्टेशन सांगितलं. सालोमी आत बसली, तेव्हा ते वाकून म्हणाले, "मी त्याला जा म्हटलं होतं. आता तुला जा म्हणायची माझी हिंमत नाही. पण गेलीस तर मसाला घेऊन जा. हिला सांगतो, ताजा कुटून ठेवेल."

रिक्षा सुटली. एव्हरशाइन वसाहतीच्या वळणापर्यंत सालोमी हात मांडीवर घेऊन तशीच बसून राहिली. मग तिने पर्समधून फोन काढला आणि पापडीला लावला.

"मम्मी, मी निघाले. आणि ऐक, माझी मोठी बॅग माळ्यावर टाकू नका म्हणावं डॅडींना. लागेल मला."